तीन मिनिटं एकेचाळीस

"यंत्र घराबाहेर न्यायचं नाही," स्काइद्रीते फोनवर म्हणाल्या,
म्हणून मीच गेलो. लिएपायाच्या टोकाला,
ट्राम जिथं वळून परत फिरते तिथं,
चौथा मजला, लिफ्ट नाही.
स्वयंपाकघरात, धुरी दिलेल्या माशांच्या वासाखाली
तो बसलेला, पिवळट पडलेला डबा.

तो जागा होईस्तोवर चहा उकळून गार होतो.
मग प्लेअर उघडतो:
स्टीलचा आव आणलेली बटणं,
आवाजाबरोबर नाचणारे हिरवे खांब,
दोन हजार चारमधली श्रीमंती.
बनवणारी कंपनी कधीच बुडाली.
तरी दर वेळी तो इमानानं विचारतो,
नवी आवृत्ती आलीय का, बघून येऊ?
आणि ज्या पत्त्यावर आता कुणी राहत नाही
तिथलं दार वाजवून येतो.

तक्रार एकच.
आर्विड्सची फाइल तीन मिनिटं एकेचाळीसला अडखळते.
हिरवे खांब उभे राहतात ते उभेच,
मग एकदम उडी, तीन पन्नास.
कधी नुसती पाटी: फाइल खराब आहे.
नाचता येईना, अंगण वाकडं.

मी समजावून पाहिलं.
आवाज फाइलमध्ये घड्या घालून ठेवलेला असतो,
घड्या उलगडायची रीत म्हणजे कोडेक.
"आणि बफर?" हा शब्द त्यांनी पडद्यावर वाचला होता.
बफर म्हणजे पुढचा घास आधीच वाढून ठेवणं.
"म्हणजे हा जेवता जेवता रिकाम्या ताटाकडे बघत बसतो?"
तसंच काहीसं.
"आर्विड्सपण असाच थांबायचा, वाक्याच्या मधोमध.
मला वाटायचं, विचार करतोय.
डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा कळलं, विचार नव्हता तो."

मी काय बोलणार. स्क्रूड्रायव्हर काढला.
पंख्यात धूळ, आणि धुळीत केस, तांबूस.
रूसा, त्यांची मांजर. जाऊन सहा वर्षं झाली.
केस टाकू नका म्हणाल्या,
बशी पुढे केली.

दुपार गेली.
दोष सगळा प्लेअरचा नव्हता, फाइलचाही नव्हता.
कॅसेटवरून उतरवताना एके जागी
एक अक्षर मोडलं होतं, एवढंच.
खड्डा दिसला की बिचकणाऱ्या घोड्यासारखा
हा त्या एका अक्षरापायी
नऊ सेकंद ओलांडून जायचा.

माझ्या पेनड्राइव्हवर नवा प्लेअर होता,
सडपातळ, धड बटणंही नसलेला.
त्यानं मोडकं अक्षर गिळलं आणि चालत राहिला.

आर्विड्स मधमाश्यांबद्दल बोलत होते.
हिवाळ्यात पेट्या कशा झाकायच्या, गवत किती,
तोंड कुठल्या दिशेला.
तीन अडतीस. स्काइद्रीतेंनी टेबलाची कड धरली.
"समुद्राकडची बाजू मात्र..."
तीन एकेचाळीस.

आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा
एक कुत्रं भुंकलं. खुर्ची सरकली.
"फाटक उघडं राहिलं वाटतं.
राहू दे. येणारा येईल."
मग, "समुद्राकडची बाजू मात्र
दोनदा झाकायची."

एवढंच होतं तिथं.
इतकी वर्षं त्यांनी त्या नऊ सेकंदांत
काय काय ठेवून पाहिलं होतं.
एकदा तर स्वप्नात
त्यानं तिथं माफीसुद्धा मागितली होती,
कशाची, ते त्यांनी सांगितलं नाही.

त्या उठून खिडकीशी गेल्या.
चौथ्या मजल्याला कुठलं फाटक?
तरी बराच वेळ खाली बघत राहिल्या.

"जुना काढून टाकू?" मी विचारलं.
"नको, असू दे. रोज कुणाचं तरी दार
वाजवायला जातो ना तो."

मी ठरल्यापेक्षा थोडे कमी पैसे घेतले.
खाली आलो तेव्हा ट्राम नुकतीच निघाली होती.
वारा समुद्राकडून येत होता.
मी कोटाची दोन्ही बटणं लावली.